शहाणपणाचा दाखला

आमच्या घराण्यात वेड लागलेलं नाही याचा कागद फक्त माझ्याकडे आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी पुण्यात एका डच माणसाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. कायद्याप्रमाणे आमची नोटीस कचेरीच्या फळ्यावर महिनाभर लागली. हरकत घ्यायची तर कारणंही कायद्यातलीच लागतात. माझ्या धाकट्या भावाने ती वाचून त्यातल्या त्यात सोयीचं निवडलं: बहिणीचं डोकं ठिकाणावर नाही. मग मी डॉक्टरांकडे जाऊन शहाणपणाचा दाखला आणला आणि लग्न केलं.

पुढे हाच भाऊ नेदरलँड्समध्ये न्यूनेनला आमच्याकडे येऊन तीन आठवडे चीज खाऊन गेला आणि ‘आमचे जावई डच’ असं सांगत फिरू लागला. गोरेपणा पचायला त्याला फार वर्षं लागली नाहीत.

त्याची मुलगी आइंडहोवनला चिपच्या कारखान्यात इंजिनियर आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिने लग्न ठरवलं. मुलगा ब्रेडा शहरातला, शाळेत गणित शिकवतो, आजी-आजोबा सुरिनामचे, वर्ण काळा. हेमेंतेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, ती अविवाहित असल्याचा भारतातला कागद हवा होता. त्यासाठी पालकाने नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करायचं. दोन महिने भाऊ एकच सांगत होता, लॉकडाऊन आहे. आंब्याच्या पेट्या आणायला मात्र तो मार्केट यार्डात दोनदा जाऊन आला होता. कागद जूनच्या आत आला नाही तर तारीख जाणार होती आणि पुढची कधी मिळेल ते कोणी सांगत नव्हतं.

शेवटी एका रविवारी भाची माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि आम्ही व्हिडिओ कॉल लावला.

“ताई, मी जातपात, रंग काही मानत नाही,” भाऊ म्हणाला. आदल्या वर्षी अमेरिकेतल्या काळ्या लोकांसाठी त्याने स्वतःचा डीपी आठवडाभर काळा ठेवला होता. “पण पुढे मुलंबाळं होतील. लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक? तुझ्या सोसायटीतले? ते सध्या एकमेकांच्या दाराची बेलसुद्धा वाजवत नाहीत.”

“तू नको बोलूस. तुझं वेगळं होतं.”

“वेगळं काय होतं? तू तर मला वेडी ठरवलं होतंस.”

“ते जुनं झालं गं! आणि तुझा नवरा निदान...” इथे तो थांबला. उरलेला शब्द उच्चारायचीही त्याची हिंमत नव्हती. भाची टेबलावरचे ब्रेडचे कण बोटाने गोळा करत होती.

तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला. दोन महिन्यांत ती या विषयावर पहिल्यांदाच बोलत होती. “पालक म्हणजे आईपण चालते ना हो ताई?”

“चालते,” मी म्हटलं. “दोघांपैकी एकाचीच सही लागते.”

“मग उद्या मीच जाते. नोटरी सकाळी दहा ते बारा बसतो. मी विचारून ठेवलंय.”

भाऊ वळून ओरडला, “तुझं डोकं फिरलंय का?”

“वहिनी,” मी म्हटलं, “जाताना वाटेत डॉक्टरांचा दाखला घे. याची हरकत ठरलेली असते.”

भाची हसली. बुधवारी वहिनीने घरच्या ग्रुपवर शिक्का मारलेल्या कागदाचा फोटो पाठवला. भावाने खाली अंगठा वर केलेली खूण टाकली. आता तो जावयाबद्दल कधी फुशारक्या मारू लागतो, एवढंच पाहायचं.