ताईची जागा

जेवणानंतर बस वळणं घेत वर चढू लागते आणि माझे डोळे जड होतात. काचेतून आलेलं ऊन मांडीवर पडलंय. पुढे उभी राहून आमची गाईड वासिलिकी माइकवर काहीतरी सांगतेय. ग्रीसच्या सहलीतला आजचा दिवस सांतोरिनी बेटासाठी. सकाळी डोंगरमाथ्यावरचा मठ झाला, पिर्गोस गावाच्या गल्ल्या झाल्या, काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर जेवण झालं. आता शेवटचं ठिकाण, इया. पांढरी घरं, निळे घुमट, कॅलेंडरवर असतं ते गाव. वासिलिकीचं इंग्रजी मला तसंही निम्मंच कळतं. हळूहळू तेही कळेनासं होतं. नुसते आवाज राहतात. मग ते आवाज मराठी होतात.

"हेमे, सरक. खिडकीशी मी बसते. तू काय, झोपणारच आहेस."

शेजारी ताई उभी आहे.

माझी थोरली बहीण, शकुंतला. मिरजेत मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला तिनं. तिला जाऊन दीड वर्ष झालंय. हे मला झोपेतही ठाऊक आहे. तरी मी मुकाट्यानं सरकते, जशी लहानपणापासून सरकत आले. ती खिडकीशी बसते, पदर सावरते आणि बाहेर बघते.

"हे बेट नव्हे गं," ती म्हणते. "ही कड आहे. मोठा ज्वालामुखी होता, तो फुटला. मधलं सगळं समुद्रात खचलं आणि कड तेवढी राहिली. लोक लांबून ती कड बघायला येतात."

"वासिलिकी हेच सांगत होती वाटतं."

"मग ऐकायचं नाही का नीट?"

मी तिच्या पायांकडे बघते. लहानपणी पोलिओनं तिचा डावा पाय बारीक राहिला होता. त्याला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि जाड तळाचा बूट. ती घरात चालू लागली की खट्, मग पाऊल, मग खट्. आज बूट नाही, पट्ट्या नाहीत. पायात साध्या चपला आहेत.

"उतरायचं ना?" ती विचारते.

बस थांबलेली मला जाणवत नाही. दार उघडतं आणि थेट पायऱ्यांवरच पाऊल पडतं. चुन्यानं रंगवलेल्या, मधे झिजलेल्या पायऱ्या, वर वर जाणाऱ्या. दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती. ताई पुढे निघते. तिच्या चालण्याचा आवाजच होत नाही, आणि मला ते बरं वाटायला हवं, पण वाटत नाही.

या पायऱ्यांबद्दल आधी सांगायला हवं.

अडीच वर्षांपूर्वी याच सहलीला आम्ही दोघींनी नावं दिली होती. हौस तिची. आयुष्यभर तिनं पोरींना नकाशावर काठी टेकवून जग दाखवलं, आणि स्वतः गोव्यापलीकडे गेली नव्हती. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, नवरा गेलेला, मुलगी बंगळुरात. मला सोबत हवी होती. मग सहलीचं माहितीपत्रक आलं. प्रत्येक पानावर पायऱ्या. मी रात्रंदिवस तेच बघत बसले. डोळ्यांपुढे यायचं की सगळे वर गेलेत आणि मी खाली तिच्याजवळ उभी आहे. सगळे आमच्यासाठी थांबलेत, घड्याळं बघताहेत. एका दुपारी मी सहलीच्या ऑफिसात फोन केला. म्हटलं, माझ्या बहिणीला झेपणार नाही, तिचं नाव काढा. पण तिला माझं नाव सांगू नका, जागा भरल्यात एवढंच कळवा.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "जागा भरल्या म्हणे, माझी राहिली गं. तू मात्र जा. आल्यावर सगळं सांग, काहीही गाळू नकोस."

तिचा आवाज इतका निर्मळ होता की माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "तुझ्याशिवाय मी नाही जाणार." माझंही नाव मी काढून घेतलं.

फोनवर ती रडली. दुसऱ्या दिवशी डबा भरून पुरणपोळ्या घेऊन, रिक्षा करून माझ्या घरी आली. आणि पुढे वर्षभर ज्याला त्याला सांगत राहिली. दूधवाल्याला, जुन्या विद्यार्थिनींना, आमच्या मावशीला. "माझ्या हेमानं माझ्यासाठी परदेश सोडला." मी शेजारी बसून ऐकायची. चहात साखर ढवळत राहायची.

"काय गं, दमलीस?" ताई वरून विचारते.

मी खरंच दमलेय. भिंतींचा पांढरा रंग खांद्याच्या उंचीपर्यंत पिवळा झालाय. हा जिना आता तिच्या शाळेचा आहे. लाकडी कठडा, वळणावर टांगलेली पितळी घंटा. पण वळणावरच्या खिडकीतून खूप खाली, निळाशार समुद्र दिसतोय.

"इथंच चढायचीस ना तू?" मी विचारते.

"तुला कुणी सांगितलं?"

सांगितलं ते शाळेतल्या शिपायाच्या बायकोनं, ताईच्या दहाव्याला. माझ्याजवळ बसून डोळे पुसत म्हणाली, "बाई निवृत्त झाल्या तरी गेल्या वर्षी रोज सकाळी यायच्या. शाळा भरायच्या आधी जिना चढायच्या, उतरायच्या. चार-चार वेळा. मी म्हटलं, बाई, कशाला? तर म्हणाल्या, ग्रीसची तयारी चाललीय."

कुणीतरी मला पाणी दिलं होतं, तेवढं आठवतंय.

"सांगितलं कुणीतरी," मी म्हणते.

ताई हसते आणि वर्गात शिरते. बाकं ओळीनं लावलेली आहेत. जिथं फळा असायचा तिथं भिंतच नाही, सगळं उघडं. समोर समुद्राचं मोठं गोल पाणी आणि त्याभोवती बेटाची काळीतांबडी कड. ताई हातातली काठी त्या कडेवरून सावकाश फिरवते. मी पहिल्या बाकावर बसलेय.

"दोघी आलो असतो तर इथं उभ्या राहिलो असतो," ती म्हणते. "पण तूही माझ्यासाठी नाही आलीस. असं कोण करतं गं आजकाल?"

मला वाटतं आता बोलायला हवं. इतके दिवस वाटत होतं की एकदा ती भेटली की सांगून टाकीन, आणि सांगितलं की ती काहीतरी बोलेल, रागावेल, मग हसेल, आणि माझं ओझं उतरेल.

"ताई, जागा भरल्या नव्हत्या."

"म्हणजे?"

"मीच फोन केला होता. तुझं नाव मीच काढायला लावलं. पायऱ्या बघून मला भीती वाटली. लाजही वाटली."

तिची काठी थांबते. ती माझ्याकडे बघत नाही, बाकांकडे बघते, जणू तिथं मुली बसल्या आहेत.

"मग मी सगळ्यांना काय सांगत फिरले?" ती हळूच विचारते.

मी बाकाची कड घट्ट धरते.

"मावशीला सांगितलं. त्या दूधवाल्याला सांगितलं. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात नर्सला सांगितलं मी. ती म्हणाली, नशीब लागतं अशी बहीण मिळायला."

"ताई—"

"हे सांगायला नको होतंस, हेमे. माझ्याजवळ तेवढंच होतं."

तिचा चेहरा लहान होतो. आजारपणातही तो असा झाला नव्हता. मी उठते, पण बाक मधे येतं, दुसरं बाक मधे येतं. तिच्याजवळ ती गोष्ट राहिली होती, ती मी हलकं होण्यासाठी काढून घेतली, आणि हलकीही झाले नाही. शब्द परत घेता आले असते तर मी ते गिळले असते.

"मला जमलं असतं," ती म्हणते. रागानं नाही. चुकलेली बेरीज दाखवावी तशी. "सत्त्याण्णव पायऱ्या आहेत शाळेच्या, तळापासून गच्चीपर्यंत. चार वेळा चढत होते मी. मला जमलं असतं."

"हो ताई."

"सगळ्यांच्या मागून आले असते. पण आले असते."

"हो."

मग नुसता वारा. बाकं नाहीत, वर्ग नाही. आम्ही दोघी चुन्याच्या भिंतीशी उभ्या आहोत आणि पायऱ्या आता खाली चालल्या आहेत, पाण्यापर्यंत. आणि मला ऐकू येतं. खट्. तिच्या पायात बूट आला आहे, पट्ट्या आल्या आहेत. ती पहिल्या पायरीच्या काठाशी येऊन थांबते.

"चढायला मला कुणी लागत नाही," ती म्हणते. "उतरताना मात्र धरावं लागतं."

मी हात पुढे करते. ती क्षणभर त्याच्याकडे बघते. वाटतं, नाही धरणार. मग ती माझा डावा दंड धरते, घट्ट, सगळा भार टाकून, आणि पाय खाली सोडते. खट्. दुखतंय. मी सांगत नाही. मागून कुणीतरी येतंय, पुष्कळ माणसं, आमच्यामुळे थांबलेली. मी मागे वळून बघत नाही. खट्. अजून एक. ताईच्या कपाळावर घाम आलाय.

"सावकाश," मी म्हणते. "काही घाई नाही."

"मॅडम?"

वासिलिकी वाकून माझ्याकडे बघतेय. बस रिकामी आहे. उघड्या दारातून समुद्राचा वास येतोय, बाहेर आमची माणसं टोप्या घालून उभी आहेत. "इया आलं," ती म्हणते, सोपं इंग्रजी बोलत, माझ्यासाठी. "इथं पायऱ्या फार आहेत. तुमचे गुडघे दुखत होते ना जेवताना? तुम्ही हवं तर बसमध्येच बसा. मी बाकीच्यांना दाखवून आणते."

ती चांगल्या मनानं म्हणतेय. मी मान हलवते, नाही म्हणून, आणि उठायला जाते. डावा हात ठणकतो.

बाही वर सारते. दंडावर चार लालसर वळ आहेत, एकाखाली एक. झोपेत सीटच्या दांड्यावर हात दाबला गेला असेल, असं मी स्वतःला सांगते, आणि हात उलटा करून बघते.

आतल्या बाजूला अंगठ्याचा वळ आहे.