हुरड्याला गेले आणि भिंत बघून आले

थंडी पडली की मला शिरूरचा हुरडा आठवतो, आणि मग तो घशाखाली उतरत नाही. तुम्ही मात्र जरूर जा. कोवळ्या ज्वारीचा खरा धूर नाकात भरायचा असेल तर त्या बाजूला जायलाच हवं. फक्त माझी हकिकत आधी वाचा.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी पुण्यात एका प्रसूतिगृहात नर्स होते आणि माझी मैत्रीण शालिनी निमोण्याच्या बाजूला आरोग्य केंद्रात. "रजा टाक नि हुरडा खायला ये," एवढंच तिने कळवलं होतं. खाण्याच्या बाबतीत मला दोनदा बोलवावं लागत नाही.

सकाळच्या एसटीने नगर रस्त्याने निघाले. खिडकी डावीकडची धरा, उजवीकडे सगळा वेळ ऊन तोंडावर येतं. शिरूरच्या स्टँडवर गरम भजी खाऊन निमोण्याची गाडी पकडली. कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला, "हुरड्याला व्हय? मग बिगीबिगी खा. दाणं निबर व्हाय लागल्यात."

शेतातल्या आगटीभोवती बसून लसणाच्या चटणीशी इतकं खाल्लं की उठवेना. तेवढ्यात शालिनी म्हणाली, "चल, वस्तीवर एक गरोदर बाई बघून येऊ. सहावा चालूये. आधीची दोन्ही मुलं मेलेलीच जन्मली तिची."

वस्तीत भर दुपारी काही हलत नव्हतं. प्रत्येक दारावर खडूने तारीख लिहिलेली होती. "हिवतापवाल्यांची," शालिनी म्हणाली. पावसाळ्यात ते घरोघर डीडीटी फवारून गेले होते. मलेरियाने माणसं मरत, त्यामुळे फवाऱ्याला कुणी नको म्हणत नसे. औषध टिकावं म्हणून भिंती सारवायच्या नाहीत, अशी ताकीद होती. मातीच्या भिंतींवर पांढुरकी पूड धरली होती. एक पाल दिसेना, एक मांजर दिसेना.

ती गरोदर बाई, सुमन, आतल्या अंधाऱ्या खोलीत होती. शालिनी तिच्या पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकत होती, तोवर माझं लक्ष कणगीमागे गेलं. बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर भिंतीत खाचा होत्या. मी बोटं लावून पाहिली, तर माझी चार बोटं त्यांत बरोबर बसली. एक खाच ओली होती.

"उंदीर का?" मी विचारलं. सुमनने मान खाली घातली. तिच्या नखांत पांढरं भरलेलं होतं.

तिची सासू पारूबाई मात्र मोकळेपणाने बोलली. "उंदीर कुठलं आता! मातीचं डोहाळं लागल्यात तिला. मीच म्हणलं, ही भिंत खा. साध्या मातीनं जंत हुत्यात. हिला औषध मारलंय, जंत मरत्यात. दोन गेली, बाई. ह्या टायमाला लई जपतीया मी."

मी ओरडणारच होते, पण शालिनीने माझा हात दाबला आणि शांतपणे विचारलं, "मावशी, घरात मांजर नाही?"

"व्हती की. भिंतीला अंग घासायची आन् चाटत बसायची. सरावनात थरथराय लागली आन्..." पारूबाईने भिंतीकडे पाहिलं. मग पदराचं टोक घेऊन सुमनचं तोंड पुसू लागली, पुन्हा पुन्हा, ओठ लाल होईपर्यंत.

"पोटातल्या बाळाला यानं काय होतं, ते मला नक्की माहीत नाही," शालिनी म्हणाली. "म्हणूनच ते पोटात जाऊ द्यायचं नाही." अंगात रक्त कमी असलं की अशी ओढ लागते, हे तिने समजावलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या फवाऱ्याच्या वेळी पोटुशीने घरात थांबायचं नाही, अन्नपाणी बाहेर काढायचं, हे पारूबाईकडून वदवून घेतलं. बाळंतपणापर्यंत सुमनला दौंडला माहेरी ठेवायचं ठरलं. मीही परत निघालेच होते, म्हणून तिला पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मांडवगण फराट्यावरून दौंडला गेलो. रस्ता हाडं मोजणारा. भिजवलेलं रान जवळ आलं, ओल्या मातीचा वास आला की सुमन डोळे मिटून घ्यायची. एकदा तिने विचारलं, "बाई, ह्ये तरी रडंल ना?" दौंडला डॉक्टरांना दाखवून तिला आईच्या हवाली केलं आणि मी पुण्याची रेल्वे धरली.

तेव्हापासून वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला मी विचारू लागले: माती, भिंत, पाटीवरची पेन्सिल, काही खाता का? सगळ्या हसायच्या. मग एखादी हसायची थांबायची.

उन्हाळ्यात पारूबाई आणि सुमन आमच्या घरी आल्या, कडेवर मुलगी घेऊन. पोरीने रडून चाळ डोक्यावर घेतली आणि तिच्याबरोबर मीही रडले. दोष भिंतीचाच होता का, हे मला आजही सांगता येणार नाही.

पारूबाई चहा पिता पिता म्हणाली, "शेणमाती घिऊन वस्तीवरच्या समद्या खाचा लिंपल्या म्या."

"समद्या म्हणजे? आणखी कुणाच्या घरात होत्या?"

तिने बशी खाली ठेवली. "बाई, सून असल्यालं एक घर दावा, जिथं न्हवत्या."