नऊ नंबरचं घर गोड बोललं

काकू पूर्वी लष्करात होत्या, अशी बाजारात कंडी पिकली होती. लष्करात म्हणजे साध्यासुध्या नव्हेत, हेरखात्यात. वायरलेसच्या खरखरीतून त्या माणसाचा ताप ओळखतात, असं न्हावी सांगायचा. किराणावाल्यानं तर पुढची पायरी गाठली होती: "त्यांच्या डाव्या कानात यंत्र बसवलंय. सरकारी!"

खरं म्हणाल तर काकूंनी आयुष्यात एकच फौज सांभाळली होती. तिसरी 'ब'. पट बावन्न. चौदा वर्षं. डाव्या कानात यंत्रबिंत्र काही नव्हतं, कापूस होता, तोही इथल्या दमट हवेनं कान ठणकायचा म्हणून.

या परमुलखात त्या आल्या काकांमुळे. काकांना इथल्या प्लायवूडच्या गिरणीत करवतींची पाती लावायचं काम मिळालं. "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे," असं काका अशा थाटात म्हणाले, की जणू दोन मिनिटं रांगेत उभं राहायचंय. काकू दोन ट्रंका घेऊन आल्या आणि त्यातली एक त्यांनी उघडलीच नाही. विचारलं की म्हणायच्या, "राहू दे. परत बांधायचा त्रास नको."

त्यांचं घर चार नंबरचं. पत्र्याचं छप्पर, जाळीचं दार, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर लगेच जंगल. इतकं लगेच, की कांदा चिरताना वेली वाकून बघायच्या. माकडं छपरावर अशी धावायची, की काकू झाडू वर करून ओरडायच्या, "रांगेत! रांगेत चाला!" संध्याकाळी रातकिड्यांचा गोंगाट सुरू झाला, की त्या खिडकीत उभ्या राहून टाळी वाजवायच्या. "गप्प!" आणि खरंच, क्षणभर सगळं जंगल गप्प व्हायचं. काका म्हणायचे, योगायोग. काकू म्हणायच्या, धाक.

तिसऱ्या महिन्यात इथलं सरकार कोसळलं. रेडिओवर सकाळी एक माणूस बातम्या द्यायचा, दुपारी दुसराच, पण दोघंही परिस्थिती नियंत्रणात असल्याचं सांगायचे, आणि दोघांचाही आवाज कापायचा. पुलावर वाळूची पोती रचली गेली, चौकी बसली, शाळेला टाळं लागलं. गिरणीतली निम्मी कुटुंबं पहिल्या ताफ्यातून निघून गेली. त्यांच्याबरोबर वायरलेसवाला ऑपरेटरही गेला.

उरली नऊ घरं, चार मैलांच्या रस्त्यावर विखुरलेली. साहेबांनी सगळ्यांना गिरणीच्या ऑफिसात बोलावलं. "घरोघरी वायरलेसचा संच आहेच. रोज सकाळी सातला नऊही घरांची खुशाली घेऊन मुख्य कचेरीला कळवायची. ज्या दिवशी हे जमणार नाही, त्या दिवशी उरलेली कुटुंबंही परत. कोण बसतं वायरलेसवर?"

काकूंनी हात वर केला. वर्गात करतात तसा, कोपरातून ताठ.

"अगं, तू मिक्सर लावताना डोळे मिटतेस," काका कुजबुजले.

"मिक्सरची हजेरी घ्यायची नसते."

त्या संध्याकाळी बंद ट्रंक उघडली. तिच्या तळाशी लाल कापडी पुठ्ठ्याचा कोरा हजेरीपट निघाला. कशासाठी आणला होता, ते काकूंनाही सांगता आलं नाही. त्यांनी पट्टी घेऊन नऊ ओळी आखल्या आणि जेवायचंही विसरल्या.

पहिल्याच सकाळी जुंपली.

"घर एक?"

"ऐकतोय, बोला," एक नंबरमधून साहेब.

"ऐकतोय काय? हजर म्हणा."

दोन दिवसांत नऊही घरं हजर म्हणायला लागली. चार नंबरमधून काका अगदी बारीक आवाजात म्हणायचे, "हजर, बाई." आठवड्याभरात काकूंनी पहिली चोरी पकडली. सात नंबरच्या फोरमनच्या वतीनं त्यांची बायको घसा खरवडून हजेरी लावत होती. "सात नंबर, आवाज जाड करून मिशा येत नाहीत. त्यांना उठवा." बावन्न पोरांत कोण कुणाची हजेरी देतंय, हे जो कान फळ्याकडे तोंड करून ओळखतो, त्याच्यापुढे नऊ घरं म्हणजे किस झाड की पत्ती! काकूंच्या चालीत फरक पडला. त्या पावणेसातलाच ऑफिसात हजर असायच्या, पदर खोचून, पेन कानाला लावून. मी तीन नंबरमधली. शाळा बंद, तेव्हा त्यांच्या शेजारी बसून नऊही घरांचे आवाज काढणं, एवढाच माझा अभ्यास.

सगळ्यात रंगत यायची नऊ नंबरला. तिथे शिक्केमामा एकटे राहायचे, ओढ्यापलीकडे. तोडलेल्या ओंडक्यांवर हातोड्यानं गिरणीचा शिक्का मारायचं त्यांचं काम, आणि बोलणंही तसंच.

"नऊ नंबर?"

शांतता.

"नऊ नंबर!"

"मेलो नाही अजून. बाई, माणसाला चहा तरी घेऊ द्याल का नाही?"

"आधी हजर, मग चहा."

"नाही म्हणत, जा!"

"मग गैरहजर लावते."

"हजर! हजर! हजर! झालं समाधान?"

"एकदाच म्हणा. तीन मामा नाहीत माझ्या पटावर."

हे रोज, चार महिने. आणि मग तो मंगळवार. आठ घरं झाली. घर एकची हजेरी देऊन साहेब स्वतःच आकडा न्यायला आले होते.

"नऊ नंबर?"

"हजर, बाई," लगेच उत्तर आलं. "सगळं ठीक आहे. तुम्ही कशा आहात?"

काकूंचं पेन कागदावर टेकायचं थांबलं.

"नऊच्या नऊ! छान," साहेब म्हणाले.

"आठच."

"अहो, हजर म्हणाला ना तो?"

"लगेच म्हणाला. वर मी कशी आहे म्हणून विचारलं."

"मग? सुधारला असेल."

"साहेब, जे पोर रोज बाकावर उभं राहतं, ते एखाद्या दिवशी हाताची घडी घालून बसलं, तर ते सुधारलेलं नसतं. खिडकीची काच तरी फुटलेली असते, नाहीतर त्याचा हात. जीप काढा."

साहेबांनी चष्मा काढला. पेट्रोल जेमतेम एका फेरीचं, चौकीची परवानगीही दिवसाला एकाच फेरीची, आणि आजची फेरी बाजारातून औषधं आणायची. "काकू, ही फेरी फुकट गेली, तर मला वायरलेस तुमच्याकडून काढून घ्यावा लागेल. दुसरं कोणी नाही. म्हणजे शुक्रवारच्या ताफ्यात सगळी कुटुंबं. विचार करा."

काका कामावर जाता जाता दारात थबकले होते. "जाऊ दे ना गं. गोडच तर बोललाय."

काकूंनी पटाकडे पाहिलं. चार महिन्यांच्या बारीक बारीक खुणा. गेल्याच आठवड्यात त्यांनी खिडक्यांना पडदे शिवून लावले होते, निळे. ती बंद ट्रंकही आता रिकामी होऊन माळ्यावर गेली होती.

"मी पण येते," त्या म्हणाल्या. "जीप काढा."

मला राहवेना. "काकू, पैज! मामा ओट्यावर चहा पीत बसलेले असणार."

"हरलीस तर?"

"महिनाभर कुणाची नक्कल करणार नाही."

"चल, बस मागे."

पुलावरच्या चौकीत शिपायानं बंदूक आडवी धरली. आत डोकावला. काकू म्हणाल्या, "चार नंबर." तो आवाज ऐकला मात्र, त्याचे डोळे चमकले. आपल्या भाषेतला त्याला एकच शब्द येत होता. त्यानं टाच आपटली आणि ओरडला, "हाजर!" आतल्या खोलीतून आणखी दोघं ओरडले, "हाजर! हाजर!" लष्कर रोज सकाळी आमची हजेरी ऐकत होतं! शिपायानं नऊ बोटं दाखवली, तोंडावर बोट ठेवलं आणि भुवया उडवल्या. नऊ नंबर आज भांडला नाही, एवढं शब्द न कळताही त्याला कळलं होतं. आडवा बांबू वर गेला. काकू पुढच्या सीटवर ताठ बसल्या होत्या, पण ओढा येईपर्यंत त्यांनी पदराच्या टोकाला पाच गाठी मारल्या.

ओट्यावर कोणी नव्हतं. ओट्याची एक फळी मोडून आत गेली होती.

शिक्केमामा आत खुर्चीत होते. मांडीवर वायरलेस, हातात कप, समोर खोक्यावर पाय, आणि तो पाय भोपळ्याएवढा. रविवारी फळी मोडून घोटा गेला होता. कपाळाला हात लावायची गरज नव्हती, ताप दारातूनच दिसत होता. सोमवारी सकाळी मात्र ते नेहमीसारखे भांडले होते, दात दाबून. आज तेवढीही ताकद उरली नव्हती.

काकूंना पाहताच ती कुठून तरी आलीच. "कुणी बोलावलं होतं? हजर म्हटलं होतं ना मी?"

"आता कसं!" काकूंनी श्वास सोडला. "आता ठीक वाटतंय."

"लपवलंत का?" साहेबांनी विचारलं.

मामा भिंतीकडे बघत म्हणाले, "जखमी माणूस मिळेल त्या ताफ्यात घरी, हा तुमचाच नियम. घरी कोण आहे माझं? इथे निदान सकाळी सातला कुणीतरी खेकसतं."

काकू एकदम गडबडीनं त्यांचा शर्ट, तांब्या, टॉवेल गोळा करायला लागल्या. "ताफ्यातून गेलेल्यांचं एक घर रिकामं आहे, आमच्या भिंतीला लागून. पाय बरा होईपर्यंत तिथे राहतील. डबा मी देईन. साहेब, नियमात जखमी लिहिलंय ना? मग पाय मुरगळला लिहा."

"मोडलाय तो."

"प्लास्टर घातलं की मुरगळलेलाच दिसेल."

साहेबांनी एकदा पायाकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. मग ते मामांना उचलायला खाली वाकले. जीप तशीच बाजारातल्या दवाखान्यात गेली, पेट्रोल कसंबसं पुरलं, प्लास्टर झालं, औषधंही आली. मुख्य कचेरीला नऊपैकी नऊ कळवलं गेलं. शुक्रवारचा ताफा गिरणीवरून गेला, पण इथून कोणी चढलं नाही.

त्या मंगळवारी परतताना मी पैज इतक्या सहज सोडणार नव्हते. "काकू, मामांच्या हातात कप होता! मी पाहिला."

"रिकामा होता. स्टोव्हपर्यंत पोचता येत नव्हतं त्यांना. आणि तू ओट्यावर म्हणाली होतीस. महिना. आजपासून."

"आणि माझी नक्कल केलीस, तर दोन महिने," प्लास्टरमधून मामा.

दुसऱ्या सकाळी आमच्या घराची हजेरी द्यायची पाळी माझी होती. वायरलेस खरखरला. "घर तीन?"

मी घसा साफ केला आणि स्वतःच्या, अगदी माझ्या आवाजात म्हणाले, "हजर."



"कोण बोलतंय?" काकूंनी विचारलं.