मूठभर दगडफूल

मी तीस वर्षं इस्लामपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं दगडफुलामागं घालवली. दगडफूल म्हणजे तेच, जे आपण चटणीत घालतो. लोक त्याला वाळकं पान समजतात. ते पान नाही आणि फूल तर मुळीच नाही. बुरशी आणि शेवाळ असे दोन जीव एका अंगात राहतात, त्या बिऱ्हाडाला हे नाव पडलंय. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास विचारायचे, "सर, मग रश्श्यात बुरशी खातो व्हय आमी?" दर वर्षी तोच प्रश्न, तेच हसणं, आणि मला दर वर्षी तितकाच राग यायचा.

गेल्या वर्षी जानेवारीत सांगलीच्या घरात मी न्हाणीघरात पडलो. बायकोला जाऊन सहा वर्षं झालेली, घरात दुसरं कुणी नाही. मनगट मोडलं आणि कंबर अशी धरली की उठताच येईना. सकाळी सहाला पडलो तो अकराला भांडीवाली बाई किल्ली लावून आत येईपर्यंत फरशीवरच होतो. मुलगी नॉर्वेत असते. ती आली, मिरजेच्या दवाखान्यात माझ्या उशाशी दहा दिवस बसली आणि जाताना म्हणाली, "बाबा, आता एकटं राहायचं नाही. तीन महिने येऊन बघा, मग घर विकून कायमचे या. तिथून परत निघण्याआधी मला हो की नाही ते सांगा." मी बघू म्हणालो. एप्रिलमध्ये गेलो.

तिचं गाव त्या देशाच्या पार उत्तरेला, समुद्रकाठी. एप्रिलमध्येही रस्त्याकडेला बर्फाचे ढीग होते. ती तिथल्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि एकटीच राहते. लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्या विषयावर आम्ही बोलत नाही. ती सकाळी सातला बाहेर पडायची आणि मी कानटोपी, मफलर, दोन स्वेटर असा जामानिमा करून किनाऱ्यावर जायचो.

पहिल्या दिवशी मी तिथं दोन तास नुसता उभा होतो. आयुष्यभर कासच्या पठारावर आणि पाटणच्या डोंगरांत गुडघे फोडून घेतले, पण असं काही पाहिलं नव्हतं. खडकांवर पट्टे होते. लाटांजवळ काळाकुट्ट पट्टा, कुणी डांबर सांडल्यासारखा. त्याच्यावर केशरी-पिवळा आणि त्याच्यावर राखाडी. सगळं दगडफूल. काळं रोज खाऱ्या पाण्यात बुडतं आणि रोज उघडं पडतं, तरी खडक सोडत नाही. केशरी समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेवर पोसतं आणि त्याचा तो रंग म्हणजे ऊन लागू नये म्हणून पांघरलेली चादर. राखाडी वरच्या अंगाला, धुक्यातलं पाणी पिऊन राहतं.

थंडीचं त्यांचं गणित मी वर्गात तीस वर्षं सांगितलं होतं, तिथं ते डोळ्यांनी पाहिलं. थंडी वाढली की ती अंगातलं पाणी सोडून देतात, कोरडी होतात आणि सगळं थांबवतात. आत एक प्रकारची साखर धरून ठेवतात, म्हणून उरल्यासुरल्या पाण्याचा बर्फ झाला तरी अंग फाटत नाही. मेल्यासारखी महिनोन् महिने पडून राहतात. मग जरा बर्फ वितळला, थेंबभर पाणी मिळालं, की काही मिनिटांत श्वास सुरू. वाढ म्हणाल तर वर्षाला नखाच्या जाडीएवढीही नाही. एवढ्या हळू वाढणाऱ्याचा मला नेहमी आदर वाटत आलाय.

पण आदर किती दिवस पुरणार? पंधरा दिवसांत मी कंटाळलो. त्या गावात कुणी कुणाच्या दारावर थाप मारत नाही. बाकावर शेजारी बसलेला म्हातारा तासभर समुद्राकडं बघतो आणि उठून जातो. सांगलीत मला शेजाऱ्यांचा जाच वाटायचा. पेपर मागायला येतात, बसतात, उठत नाहीत. इथं त्यांची इतकी आठवण यायची की मी सीगलशी मराठीत बोलायला लागलो. मुलगी संध्याकाळी दमून यायची. जेवताना दोघं मोजकं बोलायचो, मग ती तिच्या खोलीत आणि मी माझ्या. रोज वाटायचं, आज नाही म्हणून टाकावं. रोज तिचा दमलेला चेहरा बघून गप्प बसायचो.

एक दिवस आमटी खाताना ती म्हणाली, "आत्याच्या चटणीला ह्या वेळी वास नाही." माझी धाकटी बहीण वाळव्याजवळ खेड्यात असते. दर उन्हाळ्यात ती मिरची वाळवून डंकावर चटणी कांडून आणते आणि आमच्या दोन्ही घरांना पुरवते. मी तिला फोन लावला.

"आवं दादा, दगडफूल घालायचंच ऱ्हायलं बघा," ती म्हणाली. "तुमच्या जायाच्या गडबडीत इसरले. लय चुकलं."

"मग आता?"

"आता काय? तुमी तर त्याचंच मास्तर. तिथं दगडं न्हाईत व्हय? मूठभर आना, तेलात परता आन् मिक्सरमधनं काढून मिसळा."

ती हसत होती. मला मात्र ते पटलं. तीस वर्षं पोरांना बजावलं होतं, दगडफूल खरवडायचं नाही, भिंगातून बघायचं आणि पुढं जायचं. तोच मी शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातली सुरी खिशात घालून किनाऱ्यावर गेलो. वरच्या पट्ट्यात आपल्याकडच्यासारखंच दिसणारं, राखाडी, झालरीचं एक दगडफूल होतं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मूठभर खरवडलं. लेकीला गावाकडची चव द्यायची, एवढंच डोक्यात होतं. आणि खरं सांगायचं तर तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला काहीतरी काम मिळालं होतं.

रविवारी दुपारी त्या चटणीचा कोंबडीचा रस्सा केला. पहिल्याच घासाला कळलं. मासळीचा, खाऱ्या पाण्याचा आणि पक्ष्यांच्या विष्ठेचा वास. मी घास बाहेर काढला. समोर मुलगी खाली मान घालून जेवत होती. तिनं रस्सा परत वाढून घेतला आणि पावानं ताट पुसून घेतलं.

"कशाला खातेस? टाकून दे," मी म्हणालो.

"चांगला झालाय," ती म्हणाली. मग विचारलं, "दगडफूल कुठून आणलंत?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "दाखवा मला."

आम्ही किनाऱ्यावर गेलो. राखाडी पट्ट्यात हाताच्या पंजाएवढा उघडा दगड दिसत होता. तिनं हातमोजा काढून त्यावरून बोट फिरवलं.

"हे परत कधी येईल?"

"माझ्या हयातीत नाही. तुझ्याही नाही बहुतेक."

मला माझीच लाज वाटली. आणि त्या लाजेतच, इतके दिवस अडवून धरलेलं तोंडातून निघून गेलं. मी तिला माझा जुना प्रयोग सांगितला. शहराची हवा तपासायला मी महाबळेश्वरकडचं दगडफूल झाडाच्या सालीसकट आणून माधवनगरच्या आणि सांगलीच्या झाडांवर बांधलं होतं. पाणी मारलं, सावली केली. पहिल्या उन्हाळ्यात सगळं पांढरं पडून मेलं. "मीही तसलाच आहे," मी म्हणालो. "इथं मी तगेन, पण जगणार नाही. मला सांगलीला जाऊ दे."

ती समुद्राकडं वळली. मग हातमोजा घालत म्हणाली, "तुम्ही पडलात ते निमित्त झालं, बाबा. बारा वर्षं झाली, मी तरी कुठं रमलेय इथं? संध्याकाळी घरात दिवा लागलेला असावा, एवढंच वाटत होतं मला."

तीन आठवडे मी रोज संध्याकाळी दिवा लावून बसत होतो. बाहेर उशिरापर्यंत उजेड असायचा, तरी दिवेलागणीची सवय सुटत नव्हती म्हणून. त्या दिव्याकडं बघत ती चढ चढून येत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो राहू दिला. पण राहतो, असं मी म्हणालो नाही. तीन महिने पुरे व्हायचीही वाट न बघता पंधरा दिवसांनी मी विमानात बसलो, आणि तिनं एकदाही थांबा म्हटलं नाही.

आता सांगलीत बरं चाललंय. शेजारी पेपर मागायला येतात, बसतात, उठत नाहीत. दर रविवारी तिचा फोन येतो. जेवलात का, विचारते. मी जेवलो म्हणतो आणि तू जेवलीस का विचारतो. ती हो म्हणते. कुणाबरोबर, हे मी अजून विचारलेलं नाही.