बोटांना लागलेलं कंट्रोल-एस

नेकनूरला घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायचं काम मला तीन महिन्यांच्या बोलीवर मिळालं होतं. घरी बसून, हे महत्त्वाचं. आईचं आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिस असायचं आणि तिला नेणारी मी एकटीच.

इथून लॉगिन करायचं आणि एका काळ्या खिडकीत तिकडच्या मशीनला हुकूम टाइप करायचे, एवढंच काम. पण दिवसातून पाच-सहा वेळा ती खिडकी मुकी व्हायची. कितीही बटणं बडवा, अक्षर उमटायचं नाही. मग खिडकी बंद, पुन्हा लॉगिन, अर्धवट काम पहिल्यापासून. केबलवाल्याला इतकी बोलले की तो माझा फोन उचलेनासा झाला. बिचाऱ्यानं दोनदा वायर बदलून दिली होती.

शेवटी पुण्याचे सर म्हणाले, "गावाकडच्या नेटवर हे चालायचं नाही. सोमवारपासून इथं ये, नाहीतर दुसरं काम बघ." आईला सांगितलं, तर ती नुसतं "बरं" म्हणाली. मला तिचाच राग आला.

शुक्रवारी सर फोनवर होते, माझा स्क्रीन तिकडून बघत होते, आणि खिडकी पुन्हा मुकी झाली. माझं डोकं फिरलं. उमटणार तर नाहीच म्हणून तोंडाला येईल ते टाइप करून एंटर मारत बसले.

"थांब," सर म्हणाले. "तुझा आवाज येतोय, स्क्रीन दिसतोय. नेट चालू आहे. बंद पडायच्या आधी काय दाबलंस?"

"काहीच नाही."

"आठव."

आठवायची गरज पडली नाही. डाव्या हाताची बोटं अजून कंट्रोल आणि एसवर होती. मी कॉम्प्युटर शिकले तो क्लास बीडचा, आणि तिथं लाइटीचा भरवसा नव्हता. क्लासचे सर डोक्यावर उभे राहायचे, दर ओळीला कंट्रोल-एस, नाहीतर लाइट गेल्यावर बोंबलत बसा. फाइल जपायची ती सवय हातात बसली ती बसलीच. "कंट्रोल-एस," मी सांगितलं. या लॉगिनमध्ये तीच दोन बटणं खिडकी अडवून धरतात.

"मग कंट्रोल-क्यू दाब, सुटेल," पुण्याचे सर म्हणाले. दाबलं, आणि अडलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. मेल्या, मुडद्या, वाटोळं होवो तुझं. प्रत्येकाखाली मशीनचं उत्तर, असा हुकूम नाही. मला कुठं तोंड लपवू असं झालं. सर मात्र हसत होते. त्यांनी ते अडवणं कायमचं बंद करायची एक ओळ सांगितली आणि म्हणाले, "राहा आता घरीच."

मी उठून आईकडे गेले. ती भाकरी थापत होती.

"आई, न्हाई जायचं मला पुण्याला."

तिचे हात थांबले. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "काल तू कामाला बसलतीस तवा एकलीच एसटीनं दवाखान्यापत्तुर जाऊन आलते, जमतंय का बघाया. येताना लई गरगरलं. फाट्यावर तासभर बसून ऱ्हायले."