वसतिगृह ते ग्रंथालय

प्रवेशाच्या दिवसांत विद्यापीठात आलेले पालक जुन्या इमारतीपुढे फोटो काढतात. एक वडील मात्र मुलींच्या वसतिगृहापासून ग्रंथालयापर्यंत दुसऱ्यांदा चालत होते. हातातल्या वसतिगृहाच्या अर्जावर त्यांची सही व्हायची होती.

“बाबा, करा ना सही! चारला खिडकी बंद होते,” मुलगी म्हणाली.

“थांब गं. या खांबाला दिवाच नाही.”

फाटकावरच्या सुरक्षारक्षक बाई हसल्या. “दादा, रात्री त्याच खांबाखाली बसते मी. बॅटरी असते माझ्याकडे.”

विद्यापीठ कितीही एकरांचं असो, घरून पाठवणाऱ्याला ते एका रस्त्याएवढंच दिसतं. तो रस्ता नीट असला की बाकीचं ज्ञान मुलगी मिळवतेच.

वडिलांनी बाईंना त्यांचं नाव विचारलं. मग अर्ज कठड्यावर ठेवून सावकाश सही केली.