उभयतांनी यावे

नवऱ्याला देऊळगाव राजात सोडून मी धाड गावच्या शाळेत नोकरी धरली. पत्ता त्याला कळू द्यायचा नाही, एवढंच ठरवलं होतं. मोबाइल नंबर बदलला, निम्मे नातेवाईक तोडले. मतदार यादीतलं नाव मात्र इमानेइतबारे इकडे आणलं. नागरिकशास्त्र शिकवते ना, दुसरं काय होणार?

संक्रांतीला एका उमेदवाराच्या घरून हळदीकुंकवाचं पाकीट आलं. वर माझं नाव, खाली ‘श्री.’ लावून नवऱ्याचं, आत ‘उभयतांनी अगत्य यावे’. उमेदवार मला ओळखत नव्हता, यादीला ओळखत होता. मी शाळेत होते, म्हणून पाकीट घरमालकीणबाईंनी घेतलं आणि अर्थातच वाचलं. आडनावावरून गाव आणि गावावरून भाची काढायला त्यांना चहा निवेपर्यंतही वेळ लागला नाही.

“भाची तिथंच देली हाये आमची. लावू का फोन, मॅडम? जुळून जाईन तुमचं.”

मी हात जोडून त्यांना थांबवलं. त्या थांबल्या, पण मी महिनाभर कडी लावूनही नीट बसले नाही.

चिडून उमेदवाराच्या कार्यालयात गेले. “यादी निवडणुकीसाठी असते, हळदीकुंकवासाठी नाही,” वर्गात सांगते तसं सांगितलं.

“हळदीकुंकू निवडणुकीसाठीच तं हाये, मॅडम,” टेबलामागचा माणूस म्हणाला. याचं उत्तर पाठ्यपुस्तकात नव्हतं.

मग यादीत नवऱ्याच्या जागी आईचं नाव लावायला तहसीलमध्ये अर्ज दिला. “पतीचं नाव काऊन काढता?” कारकुनानं सगळ्या रांगेसमोर विचारलं. माझी खाजगी गोष्ट खाजगी राहावी म्हणून मला ती तिथं मोठ्यानं सांगावी लागली.

पुढच्या संक्रांतीला आई माझ्याकडे होती. सकाळीच घरमालकीणबाई मला हळदीकुंकवाला बोलावून गेल्या, आईकडे न पाहता. बाबा गेल्यापासून तिला कुणीच बोलावत नाही. निवडणूक लांबलेलीच होती, म्हणून दुपारी त्याच उमेदवाराचं पाकीट आलं. वर माझं नाव आणि खाली ‘श्री.’ लावून आईचं. कॉम्प्युटरनं मला नवा नवरा करून दिला होता.

मी फाडायला घेतलं. आईनं ते हातातून घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं आणि खुंटीवरचं लुगडं काढलं.

“उभयता म्हनते ना? मंग चाल. पाहू कोन उठवते मले.”